घरच्या टेबलाला सनमायका लावताना: खानदेशातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या परीक्षा संपल्या की प्लायवूडच्या दुकानात घरची मंडळी यायला लागतात. कुणाच्या अभ्यासाच्या टेबलाचा वरचा थर उडालेला, कुणाच्या जेवणाच्या टेबलाला फुगवटे आलेले, कुणाचा दुकानातला गल्ला विद्रूप झालेला. सुतार तेव्हा लग्नसराईच्या पलंग-कपाटात अडकलेला असतो. मग विचारणा होते, "आपणच लावला तर?" लावता येतो. सरळ कडांचा, चार बाय दोनचा टेबल हे घरी होण्यासारखं काम आहे. मात्र एक गोष्ट आधीच पक्की करा. सनमायका उखडतो तेव्हा शीट क्वचितच खराब असते. दोष खालच्या फळीत असतो, नाहीतर कडेत. त्यामुळे खालच्या उत्तरांत रंग-डिझाइनपेक्षा या दोन जागांविषयीच जास्त लिहिलं आहे.

सनमायका आणि लॅमिनेट एकच का?

आपल्या बाजारात एकच समजा. सनमायका हे ब्रँडचं नाव आहे, लोक सगळ्याच शीटला तेच म्हणतात. महत्त्वाचं हे की ही शीट मुळात कागदाची असते. क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवतात, त्यावर मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला डिझाइनचा कागद ठेवतात आणि उष्णता व मोठा दाब देऊन सगळं एकजीव करतात. वरचा चेहरा पाण्याला दाद देत नाही. मागची बाजू आणि कापलेली कड मात्र थोडी ओल ओढते.

किती जाडीची शीट घ्यावी आणि किती लागेल?

टेबलाच्या वरच्या बाजूला 1 मिलिमीटर. 0.8 चालते, पण खालच्या फळीतला प्रत्येक खडा तिच्यातून वर दिसतो. शीट सहसा 8 बाय 4 फुटांची, म्हणजे 32 चौरस फूट मिळते.

इथे हिशेबात बहुतेक जण फसतात. चार बाय दोनचे चार टेबल एका शीटमध्ये बसतात असं कागदावर दिसतं. पण प्रत्येक बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच, जादा ठेवायचं असतं, कारण लावल्यावर कड तासून फळीबरोबर करावी लागते. तेवढं धरलं की तुकडा 4 फूट अर्धा इंच बाय 2 फूट अर्धा इंच होतो. मग 8 फुटांत दोन लांब्या बसत नाहीत आणि 4 फुटांत दोन रुंद्याही बसत नाहीत. एकाच मापाचे चार टेबल करायचे असतील, समजा क्लाससाठी, तर फळीच 3 फूट 11 इंच बाय 1 फूट 11 इंच कापून घ्या. मग चारही निघतात. कडांच्या पट्ट्यांपुरती शीट मात्र उरत नाही, त्यासाठी लाकडाची पट्टी किंवा एज बँड (कडेला चिकटवायची तयार पट्टी) बघावा लागतो.

एकच टेबल असेल तर पूर्ण शीट घेण्याआधी ओळखीच्या सुताराकडे किंवा फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये विचारा. त्यांच्याकडे भिंतीला टेकवून ठेवलेले मोठे तुकडे असतात.

शीट घरी कशी न्यायची?

1 मिलिमीटरची पूर्ण शीट साधारण 4 किलोची असते. डिझाइनची बाजू आत ठेवून सैलसर गुंडाळा आणि सुतळीने दोन-तीन जागी बांधा. कोपरे आपटू देऊ नका. थंडीच्या दिवसांत पहाटे शीट कडक होते आणि वाकवताना तडकते, तेव्हा थोडं ऊन लागलं की मगच गुंडाळा. घरी आणल्यावर लगेच सोडून आडवी ठेवा.

चकचकीत घ्यावी की मॅट?

अभ्यासाच्या टेबलाला मॅटच. चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइट डोळ्यांत येते आणि कंपासपेटीचा प्रत्येक ओरखडा दिसतो. जेवणाच्या टेबलासाठी पांढरा मॅट मी कुणालाच सुचवत नाही. ज्या घरात आठवड्याला शेवभाजी होते तिथे तर नाहीच.

कोणत्या फळीवर सनमायका टिकतो?

सगळ्यांत चांगला प्लायवूडवर. कोरड्या खोलीत साधा एमआर, म्हणजे थोडी ओल सोसणारा, प्लाय चालतो. किचनमध्ये किंवा मोरीजवळ टेबल असेल तर बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, घ्या. हे दोन्ही आयएस 303 या भारतीय मानकात येतात. आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय. घरच्या टेबलाला त्याची गरज क्वचितच पडते, दुकानदार आग्रह करत असला तरी.

एमडीएफचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर काम सुबक होतं. कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि फुगला की परत बसत नाही. लोखंडी स्टँडच्या स्वस्त टेबलांत पार्टिकल बोर्ड असतो, त्याचंही तेच. फुगलेल्या बोर्डावर नवीन शीट चिकटवणं म्हणजे पैसे पाण्यात. स्टँड ठेवा, फळी बदला.

आधीचा सनमायका घट्ट असेल तर काढायची गरज नाही. टकटक करत सगळीकडे आवाज ऐका. पोकळ आवाज कुठेच आला नाही तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण मारा, धूळ पुसा आणि त्यावरच लावा. मात्र पांढरा गोंद इथे चालत नाही. त्याचं कारण गोंदाच्या प्रश्नात आहे.

कडप्प्यावर किंवा ओट्यावर लावायचा विचार सोडा. दगडातून आणि सांध्यांतून ओल येत राहते.

आजोबांचा सागवानी टेबल आहे. त्यावर लावू का?

नका लावू. सातपुड्याच्या सागाचा टेबल असेल तर रंधा मारून पॉलिश करा. तेवढ्या पैशात तो पुन्हा उभा राहतो. भावनेचा भाग सोडला तरी अडचण उरतेच. अखंड लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. वरची शीट तेवढी हलत नाही. दोन फळ्यांच्या सांध्यावर एक-दोन वर्षांत रेघ उमटते आणि मग शीट तिथेच फाटते. लावायचाच असेल तर मध्ये 9 मिलिमीटरचा प्लाय घाला. तो खालून स्क्रूने धरा आणि जुन्या लाकडातली स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहील.

फळी कशी तयार करायची?

पूर्ण कामातला निम्मा वेळ इथे गेला पाहिजे. स्टीलची पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. खिळ्यांची डोकी आत ठोका. खड्डे लाकडाच्या फिलरने भरा, नाहीतर प्लायचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा आणि पूर्ण वाळू द्या. भिंतीची पुट्टी वापरू नका. ती भुसभुशीत राहते आणि शीट तिच्यासकट सुटते.

मग पॉलिश पेपर, मग ब्रश, मग किंचित ओलसर फडकं, आणि ते वाळल्यावर तळहात फिरवून बघा. डोळ्याला न दिसणारा कण हाताला लागतो. शीट दाबल्यावर त्याच कणाचा टेंगूळ होतो आणि मग तो निघत नाही.

शीट आणि फळी लावण्याआधी दोन दिवस एकाच खोलीत ठेवा. दोन्ही त्या हवेला सरावली की नंतर ओढाताण कमी होते.

कोणता गोंद घेऊ?

दोन जातींतून निवडायचं आहे.

पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉल एसएच सारखा, पाण्यावर चालतो. एका बाजूला पातळ आणि सारखा पसरायचा, शीट ठेवून सरकवून बसवायची आणि दाबून ठेवायची. यातलं पाणी लाकडात मुरलं की पकड येते. म्हणूनच जुन्या सनमायक्यावर किंवा लोखंडावर तो धरत नाही, तिथे पाणी मुरायला जागाच नाही. पकड उत्तम येते, पण 24 तास सगळीकडे सारखा दाब पाहिजे. शीटवर वर्तमानपत्र, त्यावर सपाट जाड प्लाय आणि त्यावर गहू किंवा दादर ज्वारीच्या भरलेल्या गोण्या. कडांना सी-क्लॅम्प असले तर सोन्याहून पिवळं. मधेच "बघू तरी" म्हणून उचलायचं नाही.

पिवळा, वासाचा रबरी गोंद, म्हणजे एसआर जातीचा, दोन्ही बाजूंना लावायचा. 10 ते 15 मिनिटं थांबायचं. बोट टेकवलं तर चिकट वाटेल पण बोटाला गोंद येणार नाही, अशा वेळी जोडायचं. जोडताक्षणी पकडतो, वजन लागत नाही, रोलरने किंवा फडक्यात गुंडाळलेल्या लाकडी ठोकळ्याने मधून बाहेर जोर लावत घासलं की झालं. यात दुरुस्तीची संधी नाही. वाकडी बसली तर वाकडीच.

घरी पहिल्यांदाच करणाऱ्याला मी वरच्या बाजूसाठी पांढरा गोंद सांगतो. कडांच्या पट्ट्यांना रबरी, कारण पट्टीवर गोण्या ठेवता येत नाहीत. पत्र्याच्या घरात टेबल असेल आणि वर रबरीच वापरायचा असेल तर उष्णता सोसणारा प्रकार मागा, फेविकॉलमध्ये तो हीटएक्स नावाने येतो. मे महिन्यात पत्र्याखाली साधा रबरी गोंद मऊ पडतो आणि कड हळूच वर येते.

रबरी गोंद धोक्याचा आहे का?

त्यातलं सॉल्व्हंट पेट घेतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठते. गॅस, बिडी-सिगारेट बंद हे सगळ्यांना कळतं. देवघरातला दिवा आणि उदबत्ती विसरली जाते. ट्रिमर (कड तासायचं मशीन) किंवा ड्रिल त्याच खोलीत गोंद ओला असताना चालवू नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, लहान मुलांना बाहेर पाठवा. डोकं जड वाटलं तर काम तसंच टाकून मोकळ्या हवेत या.

उन्हाळ्यात करू की पावसाळ्यात?

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत बरा. पण लोकांना सुट्टी मेमध्येच असते, म्हणून सांगतो. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर असतो तेव्हा दुपारी रबरी गोंद एका टोकाला पसरून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक वाळून जातं. वाळलेला गोंद गोंदाला धरत नाही. सकाळी सहा-सातला सुरू करा आणि ऊन चढायच्या आत आटपा. दुपारच्या गरम वाऱ्याबरोबर अंगणातली सगळी धूळ गोंदावर येऊन बसते, म्हणून ओसरीवर नको, खोलीत करा.

कूलर बंद ठेवा. पाण्याचा कूलर खोलीत ओल फेकतो. ओलसर हवेत रबरी गोंदावर धुरकट पांढरी झाक येते, ती ओल असते आणि तिच्यावर पकड बसत नाही. भर पावसात याच कारणाने काम टाळा. त्यातून धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर असेल तर भिंतीला टेकवून ठेवलेला प्लायही ओल धरतो. झाक आलीच तर खोलीबाहेर कोरड्या जागी थांबा, ती पूर्ण उडाल्यावर गोंदाचा आणखी एक पातळ हात द्या.

शीट घरी कापता येते का? मशीन नाही.

येते. लॅमिनेटचा कटर मिळतो, टोकाला आकड्यासारखं पातं असतं. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचं टोक घासूनही सुतार तो करतात. डिझाइनच्या बाजूने स्टीलची पट्टी घट्ट दाबून एकाच रेषेवर चार-पाच वेळा ओढा. पहिल्या ओढीला जोर नको, रेघ नुसती पाडायची. मग पट्टी रेषेवर दाबून धरा आणि बाहेरचा भाग स्वतःकडे, वरच्या दिशेने उचला. रेषेत तुटतो. खाली दाबून तोडला तर डिझाइनचे कपचे उडतात.

लाकडाच्या रेषांचं डिझाइन असेल तर रेषा टेबलाच्या लांबीतच ठेवा. दिसायलाही बरं, आणि शीट लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगते-आक्रसते, म्हणून टिकायलाही बरं. वायरसाठी मध्ये खाच करायची असेल तर आतले कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

आधी वरचा भाग की कडा?

आधी कडा. कडांची पट्टी लावा, ती फळीबरोबर तासा, मग वरची शीट अशी बसवा की ती पट्टीच्या डोक्यावरून पुढे येईल. वरून सांडलेलं पाणी मग थेट सांध्यात जात नाही. उलट केलं तर सांध्याची रेघ वरच्या बाजूला येते, हात सतत तिथे घासतो, आणि पाणी तिथूनच आत जातं.

प्लायची कड गोंद पिते. रबरी गोंदाचा एक हात देऊन तो वाळू द्या, मग दुसरा द्या. एकाच हातात भागवलेल्या पट्ट्या वर्षभरात लोंबायला लागतात.

पट्टीचं काम कटकटीचं वाटत असेल तर सागाची पातळ लिपिंग पट्टी गोंद आणि बारीक पिनांनी मारा. मला तर खटपटीच्या घरात तीच बरी वाटते, मुलं खुर्च्या आपटतात तेव्हा लाकडाला खोच पडते पण कपचा उडत नाही. गोल कोपऱ्यांना लवचीक एज बँड. कड वरून खालपर्यंत एकाच शीटने गोल वळवलेली दिसते ते काम वेगळ्या शीटला गरम करून कारखान्यात होतं. घरी तो नाद नको.

रबरी गोंदाने मोठी शीट सरळ कशी बसवू?

फळीवर गोंद सुकला की त्यावर हातभर अंतराने सरळ, स्वच्छ कामट्या आडव्या ठेवा. बांबूच्या चालतात, पडद्याच्या जुन्या पट्ट्याही चालतात. तुराट्या नकोत, त्यांचा भुसा गळतो. शीट कामट्यांवर ठेवा. सुकलेला गोंद कामटीला धरत नाही, त्यामुळे शीट हवी तशी सरकवता येते. चारही बाजूंना दोन-दोन सूत बाहेर आहे ना, बघा. मग मधली कामटी काढून तिथे दाबा आणि मधून टोकांकडे एकेक कामटी काढत जा. टोकाकडून सुरू केलं तर हवा मध्ये कोंडते. हे काम दोघांचं आहे.

कड तासताना कपचे उडतात.

कानस उलटी चालते आहे. कानस तिरपी धरून वरून खाली, फळीच्या दिशेने ढकला. परत आणताना उचलून आणा, घासत आणू नका. शेवटी बारीक पॉलिश पेपरने धार नुसती मोडा. सुताराकडून ट्रिमर मिळाला तर काम पटकन होतं, पण एका टेबलासाठी विकत घेऊ नका. वरची प्लास्टिकची फिल्म हे सगळं झाल्यावरच काढा.

मध्ये फुगा राहिला.

रबरी गोंद असेल तर जाड सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री काही सेकंद फिरवा आणि लगेच ठोकळ्याने जोर देऊन घासा, गार होईपर्यंत वजन ठेवा. उष्णतेने गोंद पुन्हा जागा होतो. पांढऱ्या गोंदाच्या फुग्याला याचा फारसा उपयोग होत नाही. तो फुगा मध्यभागी आणि लहान असेल तर तसाच राहू द्या, हात लावून मोठा होतो.

"भाऊ, कोपरा उठी गया, आते काय करू?"

घाईने फेविक्विक टाकू नका. कोपरा थोडा उचलून आत बघा. आत धूळ आणि सुका गोंद असेल तर पातळ पट्टीने आणि थिनरच्या फडक्याने साफ करा, दोन्ही बाजूंना काडीने रबरी गोंद लावा, मध्ये काडी अडकवून सुकू द्या, काडी काढून दाबा. आत फळीच फुगलेली किंवा काळी पडलेली दिसली तर गोंद काही करू शकत नाही. पाणी कुठून येतं ते शोधा. बऱ्याचदा रोज रात्री ओल्या फडक्याने टेबल पुसून ते फडकं त्याच कोपऱ्यावर वाळत घातलेलं असतं.

खालच्या बाजूलाही लावावा लागतो का?

फळी फ्रेमला घट्ट स्क्रूने धरलेली आणि 18-19 मिलिमीटर जाड असेल तर नाही लावला तरी निभतं. सुटी फळी, भिंतीला लावलेला घडीचा टेबल किंवा कपाटाचं दार असेल तर लावाच. एकाच बाजूला शीट असली की उघडी बाजू हवेतली ओल घेते-सोडते, झाकलेली घेत नाही, आणि फळी उन्हात घातलेल्या बिबडीसारखी, म्हणजे ज्वारीच्या पापडासारखी, कडेने वळते. खाली स्वस्तातली पातळ लायनर शीट चालते. ती नको असेल तर निदान पॉलिशचे किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या.

गरम भांडं, हळद, केळीचा चीक?

उकळतं पाणी सांडलं तर काही होत नाही. चुलीवरून उतरवलेला तवा किंवा कुकर थेट ठेवला तर डाग पडतो, फोडही येतो, आणि तो दुरुस्त होत नाही. हळदीचा डाग साबणाच्या पाण्याने लगेच पुसा. राहिलाच तर टेबल दोन-तीन दिवस उन्हाच्या कवडशात येऊ द्या, उजेडात हळदीचा रंग उडतो. केळीचा चीक वाळल्यावर काळपट होतो. रावेर-यावलकडच्या घरांत टेबलावर घड ठेवायची सवय असते, तर खाली वर्तमानपत्र टाका. तारेची घासणी आणि ॲसिड कधीच नको. भाजी टेबलावर चिरू नका, पाटावर चिरा.

वाळवीपासून सनमायका वाचवतो का?

नाही. ती खालून येते आणि शीट सोडून बाकी सगळं खाते. टेबलाचे पाय ओलसर भिंतीपासून दूर ठेवा.

भाड्याच्या घरात चिकट स्टिकर शीट लावली तर?

वर्ष-दीड वर्ष काढायचं असेल तर लावा. उन्हाळ्यात कडा सुटतील हे धरून चाला.

सुताराला कधी बोलवावं?

टेबल सहा फुटांपेक्षा लांब असेल, आकार गोल असेल, मध्ये बेसिन बसवायचं असेल किंवा डिझाइन जुळवून दोन शीटचा सांधा घ्यायचा असेल तेव्हा. शीट महागाची असेल तेव्हाही. मजुरी वाचवायला गेलात आणि पहिलाच काप चुकला तर दुसरी शीट घ्यावी लागते.

उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं?

मोठे तुकडे मांडणीच्या फळ्यांवर, ड्रॉवरच्या तळाला लावा, किंवा नुसते जपून ठेवा. पुढे कोपरा तुटला तर त्याच रंगाची शीट बाजारात मिळेलच असं नाही. लहान कपचे टोकदार असतात, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. बंबात किंवा चुलीत घालू नका. रेझिनचा धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि त्या चुलीवर नंतर भाकरी होणार असते.